कोयीतल्या किड्याचं नाव

हापूसची पेटी रत्नागिरीहून परदेशी निघते, तेव्हा तिला कोणत्या प्रक्रियेतून जावं लागेल हे फळाच्या चवीवरून ठरत नाही आणि आकारावरूनही नाही. ते ठरतं फळात असलेल्या, किंवा असू शकणाऱ्या, किड्याच्या नावावरून. जपानला जायचं तर उष्ण बाष्पाच्या खोलीत फळाचा गाभा ४७.५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून २० मिनिटं तसाच ठेवावा लागतो, कारण जपानला भय आहे फळमाशीचं. युरोपलाही तिचंच भय. तिकडच्या मालासाठी ४८ अंशांच्या पाण्यात फळ तासभर बुडवून ठेवण्याची रीत आहे. अमेरिकेला मात्र फळमाशीच्या जोडीला कोयीतल्या सोंडकिड्याची धास्ती आहे आणि त्यासाठी ती विकिरण मागते. बाग तीच, कलम तेच, तोडणीही त्याच दिवसाची. पण किडा बदलला की प्रक्रिया बदलते, वाहतुकीचा मार्ग बदलतो आणि पेटीचा खर्चही बदलतो. २०१४च्या मे महिन्यात युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केलं ते फळमाशीमुळे, आणि ते उघडायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं. एक हंगाम हातचा गेला. म्हणूनच एका जातीचा किडा तिच्या अगदी जवळच्या जातीपासून वेगळा ओळखणं हे काम प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बसून करायचा छंद मानता येत नाही. हे काम रत्नागिरीच्या पोटापाण्याशी बांधलेलं आहे, त्याचा पाया अजूनही शरीररचनेचं निरीक्षण हाच आहे, आणि ते करणारी माणसं व जपून ठेवलेले नमुने आंब्याच्या मुलखातच असायला हवेत, असं माझं म्हणणं आहे.

आधी हा सोंडकिडा नीट पाहू. स्टर्नोकीटस मँजिफेरी हे त्याचं शास्त्रीय नाव. फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७७५ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. पूर्ण वाढलेला भुंगेरा साडेसात ते साडेनऊ मिलिमीटरचा, गडद तपकिरी, अंगावर फिकट खवल्यांची नक्षी असलेला. झाडाच्या सालीवर बसला तर सालीचाच तुकडा वाटावा आणि बोट लागलं तर पाय आखडून मेल्यासारखा पडावा, असा त्याचा स्वभाव. मादी कोवळ्या फळाच्या सालीवर होडीच्या आकाराची खाच पाडून तीत अंडं घालते आणि शेजारी चंद्रकोरीसारखा छेद घेते. त्यातून पाझरलेला चीक अंड्यावर सुकून त्याचं रक्षण करतो. काही दिवसांत अंडं फुटतं आणि बारीकशी अळी गर ओलांडून अजून मऊ असलेल्या कोयीत शिरते. फळ वाढतं, अळीची वाट भरून येते, कोय टणक होते आणि बाहेर कसलीही खूण उरत नाही. अळीची वाढ, कोष आणि भुंगेरा हे सगळं कोयीच्या आत होतं. फळ गळून कुजलं की भुंगेरा कोय पोखरून बाहेर येतो, सालीच्या भेगांत दडतो आणि पुढच्या मोहोरापर्यंत तिथेच राहतो. वर्षाला एकच पिढी. गर बहुतेक वेळा शाबूत राहत असल्याने खाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण आयात करणाऱ्या देशाच्या दृष्टीने हीच खरी अडचण आहे: आतून लागलेला आंबा आणि निर्दोष आंबा बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरण चित्रांच्या मदतीने फळ न कापता असा लागण झालेला आंबा ओळखता येतो हे १९९५ साली दाखवून दिलं. मात्र कोयीत काहीतरी आहे एवढंच क्ष-किरण सांगतात. ते काय आहे, हे त्यांना सांगता येत नाही.

आणि काय आहे यावर बरंच अवलंबून असतं, कारण स्टर्नोकीटस या प्रजातीत हा किडा एकटा नाही. त्याचा जवळचा भाऊबंद स्टर्नोकीटस फ्रिजिडस सहा मिलिमीटरच्या आसपासचा. तो कोयीत शिरत नाही, गरातच वाढतो आणि फळ खाण्यालायक ठेवत नाही. त्याच्या नोंदी ईशान्य भारत, बांगलादेश, म्यानमारपासून आग्नेय आशियापर्यंतच्या आहेत. फिलिपिन्सच्या पालावान बेटावर तो १९८७ साली सापडला. तिसरा भाऊबंद स्टर्नोकीटस ऑलिव्हिएरी. तो चीनच्या युन्नान प्रांतात आढळतो आणि आपल्या सोंडकिड्यासारखाच कोयीत वाढतो. चीनच्या, देशात येऊ न देण्याच्या किडींच्या यादीत या तिघांची नावं वेगवेगळी नोंदलेली आहेत. अमेरिकेच्या नियमांत तर हा फरक थेट आकड्यांत उतरला आहे. कोयीतल्या सोंडकिड्यासाठी विकिरणाची किमान मात्रा ३०० ग्रे ठरवलेली आहे, तर गरातल्या सोंडकिड्यासाठी १६५ ग्रे. एकाच प्रजातीतले, एकाच झाडावर जगणारे हे दोन भुंगेरे. पण एकाला वांझ करायला जेवढी मात्रा लागते, ती दुसऱ्याच्या मात्रेच्या जवळपास दुप्पट आहे. इथे नाव चुकलं तर दोनच गोष्टी घडू शकतात. एक तर किडा जिवंत आणि प्रजननक्षम राहून परदेशी पोचेल, नाहीतर फळाला गरजेपेक्षा कितीतरी जास्त मात्रा दिली जाईल.

मग नाव ठरवायचं कसं? आकार पुरेसा नाही, कारण अळीला अन्न कमी मिळालं की भुंगेरा लहान निपजतो. रंगही फसवा, कारण तो खवल्यांचा असतो आणि वय झालं की खवले झिजतात. कोयीत सापडला की गरात, ही खूण उपयोगाची आहे, पण मँजिफेरी आणि ऑलिव्हिएरी दोघेही कोयीतले असल्याने ती अर्ध्या वाटेवर सोडून देते. सापळ्यात किंवा सालीखाली मिळालेल्या भुंगेऱ्याच्या बाबतीत तर ती मिळतच नाही. उरते शरीररचना: सोंडेची ठेवण, पूर्ववक्षाच्या पाठीवरचे खळगे, पंखकवचांवरच्या रेषा आणि उंचवटे, पायांवरचे दात, आणि या सगळ्यांहून भरवशाची खूण म्हणजे नराच्या जननांगाची कठीण नळी. तिच्यासाठी किडा उघडावा लागतो. वाळलेला नमुना गरम पाण्यात मऊ करायचा, पोटाचा भाग अलगद सोडवायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून स्नायू आणि चरबी विरघळू द्यायची, मग उरलेलं कठीण अंग ग्लिसरीनच्या थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली सर्व बाजूंनी पाहायचं. पाहून झालं की ते अंग इवल्याशा कुपीत घालून त्याच नमुन्याच्या टाचणीला अडकवून ठेवायचं, म्हणजे पुढे कोणालाही तेच अंग पुन्हा पाहता येतं. भुंगेऱ्यांच्या या अवयवांचा पहिला मोठा तौलनिक अभ्यास डेव्हिड शार्प आणि फ्रेडरिक म्यूर यांनी १९१२ साली प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून ही पद्धत भुंगेरेशास्त्राचा कणा झाली. बाहेरून जुळ्यासारख्या दिसणाऱ्या जाती याच अंगात वेगळ्या का पडतात, याबद्दल दोन विचार आहेत. १८४४ साली लेऑं द्यूफूर यांनी मांडलं की नर-मादीचे अवयव कुलूप-किल्लीसारखे एकमेकांना बेतलेले असतात. विल्यम एबरहार्ड यांनी १९८५च्या ग्रंथात वेगळी बाजू मांडली: मिलनानंतरही मादीच्या शरीरात निवड चालू राहते आणि त्या निवडीच्या रेट्याने नराचं हे अंग शरीराच्या इतर भागांपेक्षा झपाट्याने बदलत जातं. कारण कोणतंही धरलं तरी निष्कर्ष सारखाच निघतो. जाती जिथे फुटतात त्या प्रजननाच्या जागीच हा फरक उमटतो, म्हणून तो पाठीवरच्या ठिपक्यापेक्षा जास्त विश्वासार्ह आहे.

या पद्धतीचा सर्वांत बोलका पुरावा कोकणातल्या प्रत्येक तांदळाच्या डब्याजवळ पोचतो. तांदळाला लागणारा पोरकिडा हा अडीच ते चार मिलिमीटरचा, सोंडेचा, पंखकवचांवर चार तांबूस ठिपके असलेला भुंगेरा. लिनियसने १७६३ साली त्याला नाव दिलं. आज त्याला सायटोफिलस ओरायझी म्हणतात. १८५५ साली मोचुल्स्की यांनी मक्यावरच्या अशाच किड्याला झियामेज हे नाव दिलं, पण पुढची कित्येक वर्षं बहुतेकांनी दोन्ही एकच मानले. दाण्यात लहान आणि मोठे असे दोन प्रकारचे किडे सापडत. जपानमध्ये ते वेगळे असावेत असं म्हटलं गेलं. १९४४ साली बर्च यांनी ऑस्ट्रेलियातल्या किड्यांत दोन वाण असल्याचं दाखवलं, तरी ‘वाण’ म्हणायचं की ‘जाती’, यावर एकमत होईना. निकाल लागला तो जननांगांच्या आधारे. ओरायझीच्या नराची नळी पाठीच्या बाजूने गुळगुळीत आणि फुगीर असते. झियामेजच्या नळीवर दोन लांबट खाचा असतात. मादीच्या पोटात इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा कठीण तुकडा असतो. ओरायझीत त्याच्या फांद्यांची टोकं गोलसर, झियामेजमध्ये टोकदार. १९६१ साली गिलेर्मो कुशेल यांनी नावांचा गुंता सोडवला तेव्हापासून या दोन जाती निर्विवाद झाल्या. पूर्ववक्षावरच्या खळग्यांच्या संख्येवरूनही काही जण त्या ओळखतात, पण ती खूण दर वेळी ठाम निघत नाही. खाचा मात्र ठाम निघतात. हे सगळं जुनं वैज्ञानिक भांडण म्हणून सोडून देता येणार नाही. झियामेज उडण्यात तरबेज आहे. पीक शेतात उभं असतानाच तो कणसापर्यंत पोचतो. ओरायझी त्यामानाने कमी उडतो आणि साठवणीत जास्त वाढतो. म्हणजे एकाच्या बाबतीत काळजी कापणीच्या आधी सुरू व्हायला हवी आणि दुसऱ्याच्या बाबतीत कणगी किंवा कोठार साफ करण्यापासून. दोघांना एक समजून केलेली नोंद शेतकऱ्याला चुकीच्या वेळी सावध करते.

यावर पहिला आक्षेप बागायतदाराच्या बाजूने येईल आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. मोहोर वाचवायचा, मजुरी द्यायची, भाव पडायच्या आत पेटी वाशीला पोचवायची. यात किड्याच्या पोटातल्या नळीचं काय काम? औषध तर तेच फवारायचं. बागेत रोज उभं राहणाऱ्याने हा हिशेब सूक्ष्मदर्शकाखाली करावा असं कोणीच म्हणत नाही. पण ज्या शिफारशीवर तो फवारणी करतो, ती कुणीतरी किड्याची जीवनरीत पाहून लिहिलेली असते, आणि जीवनरीत जातीची असते. कोयीतला सोंडकिडा सालीच्या भेगांत दडतो, म्हणून बुंध्याची स्वच्छता आणि गळलेली फळं व कोयी गोळा करून नष्ट करणं हा उपाय लागू पडतो. फळमाशीचा कोष जमिनीत होतो, म्हणून तिच्यासाठी झाडाखालची माती हलवावी लागते आणि नर पकडायला मिथाइल युजेनॉलचा सापळा लागतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच तत्त्वावर चालतो. त्या वासाला सोंडकिडा ओळखतही नाही. सापळ्यातसुद्धा फळमाशीची एकच जात येत नाही. डॉर्सॅलिस, झोनाटा आणि करेक्टा या तिन्ही जातींचे नर त्याच वासाकडे ओढले जातात. बागायतदाराला नाव पाठ नसेना का, त्याच्या हातातला उपाय त्या नावावरूनच निघालेला असतो.

दुसरा आक्षेप निर्यातदाराचा आणि अधिक धारदार. भारतीय आंब्याला अमेरिकेचं दार २००७च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांनी उघडलं ते ४०० ग्रेच्या सरसकट मात्रेवर. भाभा केंद्राच्या लासलगावमधल्या ‘कृषक’ प्रकल्पातून पहिला हापूस आणि केसर गेला. मात्रा सगळ्यांना पुरून उरणारी असेल, तर किडा कोणता हे कशाला पाहायचं? याचं उत्तर त्या मात्रेच्या शब्दांतच आहे. ४०० ग्रे सर्व कीटकांना चालते, पण पतंगांचे कोष आणि प्रौढ पतंग तीतून वगळलेले आहेत. म्हणजे आत काय आहे हे निदान तेवढ्यापुरतं तरी ठरवावंच लागतं. शिवाय ‘सर्वांना पुरणारी’ मात्रा एकेका जातीवर केलेल्या प्रयोगांची बेरीज करूनच मिळालेली आहे. फळमाश्यांच्या सगळ्या कुळासाठी १५० ग्रे पुरते, हा आंतरराष्ट्रीय निकष २००९ साली मान्य झाला तो अनेक जातींवरच्या आकडेवारीमुळे, आणि त्या प्रत्येक प्रयोगात किड्याचं नाव आधी पक्कं करावं लागलं होतं. मात्रा कमी करून मागायची असेल, तर पुरावा जातीचाच द्यावा लागतो. सरसकट मात्रा ही सोय आहे. ती जातींच्या ज्ञानावर उभी आहे, त्या ज्ञानाची जागा ती घेत नाही.

तिसरा आक्षेप काळाचा. आता डीएनए वाचता येतो. किड्याचा पाय तोडून जनुकाचा एक तुकडा वाचला की जात कळते, मग पोट उघडण्याची जुनी कारागिरी कशाला? या साधनाची ताकद मान्य करायलाच हवी. तपासनीसाच्या हाती बहुतेक वेळा येते ती अळी, पांढरी, बिनपायाची, आणि सोंडकिड्यांच्या अळ्या शरीरावरून ओळखणं फार अवघड असतं. तिथे डीएनए उत्तम काम करतो. पण तो उत्तर देतो ते तुलनेने. हाती आलेला तुकडा संग्रहातल्या नोंदींशी ताडून पाहायचा असतो, आणि त्या नोंदींवरची नावं कोणीतरी भुंगेरा उघडून, खाचा आणि खळगे पाहून लिहिलेली असतात. तिथे एक नाव चुकलं तर ती चूक पुढच्या प्रत्येक तपासणीत तितक्याच खात्रीने उमटते. कीटकांच्या पेशींत राहणारा वोल्बाकिया नावाचा जिवाणू तर कधीकधी दोन जातींमधला हा तुकडा एकसारखा करून टाकतो आणि वाचणाऱ्याला चकवतो. डीएनए आणि शरीररचना या एकमेकींना तपासणाऱ्या साक्षी आहेत. एक साक्षीदार अधिक वेगाने बोलतो म्हणून दुसऱ्याला घरी पाठवणारा न्यायाधीश चूक करतो.

चौथा आक्षेप शरीररचनेच्या मर्यादेचा आहे आणि तो खरा आहे. शरीरातला प्रत्येक फरक जातीचा फरक नसतो. फळमाशीच्या डॉर्सॅलिस गटात आग्नेय आशियातली पपायी ही जात मादीच्या अंडं घालण्याच्या सुईच्या लांबीवरून वेगळी धरली होती. आफ्रिकेत पोचलेल्या माशीला २००५ साली इन्व्हेडन्स हे नवं नाव मिळालं. पुढे मलाय द्वीपकल्पात उत्तरेकडून दक्षिणेकडे मोजमाप केल्यावर जननांगांची लांबी हळूहळू बदलत जाते आणि मध्ये कुठेही रेघ ओढता येत नाही, असं दिसलं. संकर, वास, गुणसूत्रं आणि डीएनए या सगळ्यांचा मेळ घालून २०१५ साली ही नावं पुन्हा डॉर्सॅलिसमध्ये विलीन झाली. याच तपासणीत कॅरॅम्बोली ही जात मात्र वेगळीच टिकली. काही जण यातून शरीररचनेवर विसंबू नये असा धडा घेतील. मला त्यात उलट आणि अधिक मोलाची गोष्ट दिसते. चूक सापडली ती अधिक माश्या, अधिक ठिकाणच्या माश्या मोजल्यामुळे. एखाददुसऱ्या नमुन्यावर जात उभी करू नये हा नियम शरीररचनेच्या अभ्यासकांचाच आहे आणि तो पाळला गेल्यावर त्यांच्याच मोजपट्टीने त्यांची चूक दाखवली. पोरकिड्यांत दोन जातींना एक मानण्याची चूक झाली, फळमाश्यांत एकीला अनेक मानण्याची. दोन्ही सुधारता आल्या, कारण नमुने जपलेले होते आणि दुसऱ्या माणसाला तेच अवयव पुन्हा पाहता आले.

हे सगळं मान्य केलं तर रत्नागिरीसाठी त्यातून काय निष्पन्न होतं? पणन मंडळाचं निर्यात सुविधा केंद्र इथे आहे, उष्ण बाष्पाचं यंत्र आहे. दापोलीत १९७२पासून कृषी विद्यापीठ आहे. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं प्रादेशिक केंद्र आहे. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे फळाची ओळख कायद्याने पक्की झाली. त्या फळावर जगणाऱ्या किड्यांची ओळखही तितक्याच पक्क्या पुराव्याची हवी. एखाद्या प्रदेशात एखादी कीड आहे की नाही हे कसं ठरवायचं, याचा आंतरराष्ट्रीय दंडक नोंदींची विश्वासार्हता पारखताना विचारतो की किडा कोणी ओळखला, तो तज्ज्ञ होता का, आणि नमुना संग्रहात जपून ठेवला आहे का. ‘आमच्याकडे गरातला सोंडकिडा नाही’ असं कोकणाने म्हणायचं झालं, तर वर्षानुवर्षांचे, तालुक्यातालुक्यांतले, नाव ठरवून टाचलेले भुंगेरेच त्याची साक्ष देऊ शकतात. फिलिपिन्सच्या गिमारास बेटाने हेच केलं: सर्वेक्षण करून आपल्याकडे हे सोंडकिडे नाहीत हे दाखवलं आणि या शतकाच्या सुरुवातीला, देशाचा इतर भाग दाराबाहेर असतानाच, अमेरिकेची बाजारपेठ मिळवली. आपल्याकडे कोयीतला सोंडकिडा असल्याने तोच मार्ग जसाच्या तसा लागू होणार नाही. पण कोणत्या तालुक्यात किती, कोणत्या महिन्यात, कोणत्या वयाच्या बागांत, हे सिद्ध करायलाही तीच शिस्त लागते.

त्यासाठी लागणारी सामग्री फार महाग नाही. एक चांगला सूक्ष्मदर्शक, टाचण्या, ओलावा न शिरणाऱ्या पेट्या, बारीक अक्षरात गाव आणि तारीख लिहिलेल्या चिठ्ठ्या, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत बुरशीपासून नमुने वाचवण्याची काळजी. महाग आहे तो माणसाचा वेळ. सोंडकिड्यांच्या दोन नळ्यांमधला फरक डोळ्यांत बसायला कित्येक हंगाम जातात आणि या कामाला ना मोठं अनुदान मिळतं, ना चटकन कीर्ती. म्हणूनच ते नशिबावर सोडता येत नाही. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी दर हंगामात गळलेल्या फळांच्या कोयी फोडून भुंगेरे जमवावेत, विद्यापीठाने ते तपासून जपावेत, आणि प्रत्येक नमुन्याचं डीएनए वाचन त्याच टाचणीच्या क्रमांकाशी जोडावं. असा संग्रह दहा वर्षांत उभा राहिला तर पुढच्या वेळी एखादा देश दार लावेल तेव्हा रत्नागिरीला केवळ विनंती करावी लागणार नाही. पुरावा समोर ठेवून बोलता येईल. बागायतदाराने कलमावर पिढ्यांची मेहनत घातली आहे. त्या मेहनतीला बाजारात टिकवायचं तर तिच्या शत्रूचं नाव अचूक माहीत असणं ही आपली, म्हणजे विद्यापीठांची, सरकारची आणि अभ्यासकांची, जबाबदारी आहे, आणि ती पार पाडण्याचा रस्ता सूक्ष्मदर्शकाखालून जातो.